चालू गाडीचं तेल

आमच्या ट्रॅक्टरचा डिझेलचा काटा बंद पडून चार पोळे झाले. दुरुस्त करायचा राहून गेला, कारण त्यावाचून कुणाचं अडलंच नाही. गोठ्यामागच्या ढिगातली एक तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, उपसायची, टाकीत सोडायची आणि कुठवर ओली झाली ते पाहायचं. वीतभर असेल तर दिवसाची वखरणी निघते. चार बोटं असेल तर कॅन घेऊन दर्यापूर. कपाशीची काडी, म्हणजे पऱ्हाटी, चालत नाही. ती वाकडी, वर तिची साल टाकीत सुटते.

इंजिन ऑइलला मात्र कंपनीनं दिलेली पट्टी असते आणि तिचा नियम मला तोंडपाठ आहे. गाडी सपाट जागी, इंजिन थंड, पट्टी काढा, चिंधीनं पुसा, पुन्हा तळापर्यंत घाला, काढा, तेल दोन खुणांच्या मधे पाहिजे. यातली सपाट जागा हीच खरी अडचण. अंगणाला पावसाचं पाणी जावं म्हणून उतार काढलेला, वावरात सऱ्या. गावात भरवशाची सपाट जागा एकच, जिनिंगचा वजनकाटा. कापसाच्या गाड्या नसल्या की काटेवाला दोन मिनिटं ट्रॅक्टर उभा करू देतो. न विचारता वजनही सांगतो.

एवढा अनुभव गाठीशी, म्हणून भाच्याचा जर्मनीतून फोन आला तेव्हा मी विचार न करताच बोललो. त्यानं एका मित्रासोबत भागीत जुनी पोर्शे घेतली आहे, ९११ एससी, १९७८ची. म्हणजे त्याच्यापेक्षा वयानं मोठी.

"मामा, पट्टीवर तेलाचा थेंब नाही दिसून राह्यला. दोन लिटर टाकू का?"

"इंजिन थंड हाय का?"

"काल रातीपासून उभी हाय."

"मंग टाक ना. इचारतं काय?"

नशीब, त्यानं माझं ऐकण्याआधी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडलं. आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे; त्या दिवशी फोनवरूनच पडायला हवं होतं. कारण त्या गाडीचं तेल पाहायचं असतं ते इंजिन चांगलं गरम करून, आणि चालू ठेवून. चालत्या वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, काढून पाहण्यातला प्रकार.

पण कारण ऐकलं तसा मी गप्प झालो. ह्या गाडीचं तेल इंजिनाच्या पोटात राहत नाही. त्याची वेगळी टाकी असते, मागच्या उजव्या चाकापाशी. एक पंप टाकीतलं तेल इंजिनाला देतो, दुसरा खाली ओघळलेलं तेल उपसून परत टाकीत नेऊन टाकतो. गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू इंजिनात झिरपतं, आणि पट्टी तर टाकीत. मग ती कोरडीच दिसणार. सगळं मिळून १३ लिटर तेल मावतं, त्यातलं बदलताना दहाएक लिटरच निघतं. बाकीचं नळ्यांत आणि तेल गार करायच्या कूलरमधे दडून बसतं. वरून जास्त ओतलं, तर ते एअर फिल्टरच्या डब्यात चढतं आणि मागे धुराचा लोट.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. बाबांची ३५० बुलेट. तिचंही तेल इंजिनातल्याच एका वेगळ्या कप्प्यात, तिलाही दोन पंप. एका पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलापायी ती चार महिने ताडपत्रीखाली उभी राहिली. दिवाळीत बाबांनी झाकण उघडून कांडी पाहिली, खडखडीत. लिटरभर तेल ओतलं, मला मागे बसवलं आणि निघालो अंजनगावच्या रस्त्यानं. तीनेक किलोमीटरवर माझी पँट पोटरीपर्यंत काळी. आधीचं तेल खालून वर आलं, नव्याला जागा उरली नाही, मिळेल त्या नळीनं ते बाहेर पडलं. दिवाळीची पँट होती. आईनं ती रॉकेलात भिजवली, रिठ्यानं घासली, शेवटी कापून तेलाची पट्टी पुसायच्या चिंध्या केल्या. त्याच चिंध्यांनी मी थंड इंजिनाचा नियम शिकलो, आणि चिंधी कशाची आहे ते विसरलो.

भाच्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. १९७२च्या ९११ला तेल भरायचं झाकण बाहेरून, उजव्या दरवाजामागे दिलं होतं. अगदी पेट्रोलच्या झाकणासारखं. पंपावरच्यांनी त्यात पेट्रोल ओतायला सुरुवात केली, आणि पुढच्या मॉडेलला कंपनीनं ते झाकणच बंद केलं. मला त्या पंपावरच्या पोरांची दया आली. रॉकेलचा आणि गोडेतेलाचा डबा शेजारी ठेवणाऱ्या घरात मी वाढलोय.

परवा त्यानं गाडी चालू करून फोन इंजिनाजवळ धरला. आईनं आतून विचारलं, "चक्की कोनाची सुरू झाली रे?" पट्टीवर तेल दोन खुणांच्या बरोबर मधे होतं. एक थेंबही कमी नव्हता.

"आता पेट्रोलचा काटा हालत नाही, मामा. ऐंशी लिटरची टाकी हाय."

"तुराटी टाकून पाह्य."

"भरायची नळी वाकडी हाय ना."

"मंग पऱ्हाटी टाक."