लिटरचे किलो करताना

‘एक लिटर म्हणजे किती किलो?’ असे कुणी विचारले की आधी ‘कशाचे?’ असे उलट विचारावे लागते. किलोचे ग्रॅम किंवा लिटरचे मिलिलिटर करायला हजाराने गुणले की काम होते. लिटर मात्र वस्तूने व्यापलेली जागा मोजतो आणि किलो वस्तुमान मोजतो. या दोहोंना जोडणारी घनता प्रत्येक पदार्थाची निराळी असते, शिवाय ती तापमानाबरोबर बदलते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत पाठ झालेले समीकरण खोटे नाही. पण ते ४ अंश सेल्सिअसच्या पाण्याचे आहे. ३० अंशांना तेच एक लिटर पाणी ९९६ ग्रॅमच्या आसपास भरते. चार ग्रॅमसाठी घरात कुणी वाद घालणार नाही. पंचाईत होते ती पाण्याचा हिशेब तेलाला लावल्यावर.

खाद्यतेलाची घनता साधारण ०.९१ धरतात, म्हणजे एक लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम तेल असते. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा हे दिसायला जवळपास सारखेच. पण पहिल्यात १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते आणि दुसऱ्यात सुमारे साडेसोळा लिटर. समजा, लिटरचा डबा २२५० रुपयांना आणि किलोचा २४७५ रुपयांना आहे. घाईत पाहणाऱ्याला पहिला सव्वादोनशे रुपयांनी स्वस्त वाटेल, पण भागाकार केला तर दोन्हींचा दर किलोला १६५ रुपयेच पडतो. दिवाळीच्या फराळासाठी डबा घेताना हा भागाकार मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होतो. लिटरचा भाव ०.९१ने भागला की किलोचा भाव हाती येतो.

तापमानाचा खेळ याहून बारीक आहे. तेल तापले की फुगते, त्यामुळे गरम तेलाचे एक लिटर थंड तेलाच्या एका लिटरपेक्षा हलके असते. सोयाबीनचे तेल २१ अंशांना लिटरमागे ९१९ ग्रॅम भरते आणि ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. वेष्टनावर ‘एक लिटर’ असे ठळक छापायचे आणि बाजूला बारीक अक्षरांत ६० अंशांचा उल्लेख करायचा, असे केले की लिटरचा शब्द पाळूनही लिटरमागे २६ ग्रॅम तेल वाचवता येते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली उत्पादकांना सांगितले की तापमानाचा उल्लेख न करता आकारमान छापावे आणि त्यासोबत वजनही छापावे. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली. तेव्हापासून माझी नजर पिशवीवरच्या लिटरवर न थांबता ग्रॅमवर जाते, कारण तेल तापो वा थिजो, ग्रॅम बदलत नाहीत.

दुधाचे गणित उलट्या दिशेने चालते, कारण दूध पाण्याहून जड असते. त्याची घनता साधारण १.०३ असल्याने १०० लिटर दूध १०३ किलो भरते. संकलन केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करून पावतीवर लिटर लिहायचे असतील, तर वजनाला १.०३ने भागावे लागते. घरून दहा लिटर मोजून नेलेले दूध काट्यावर १०.३ दिसले, तर त्यात कुणाचा उपकार नसतो आणि पावतीवर पुन्हा दहा उमटले तर त्यात कुणाची लबाडीही नसते. मात्र दर किलोचा आहे की लिटरचा, हे उत्पादकाने विचारून घेतलेच पाहिजे. शेकडा तीनचा फरक महिन्याच्या हिशेबात चांगलाच जाणवतो. माझे मत विचाराल, तर मापापेक्षा काटा बरा. नुकतेच काढलेले दूध कोमट असते, त्यावर फेस असतो आणि मापात फेस किती धरायचा यावरून कुरबुर होते. काट्याला फेसाशी देणेघेणे नसते.

लॅक्टोमीटर हेही घनता मोजण्याचेच साधन आहे. त्यावरचा २८ हा आकडा म्हणजे १.०२८ ही घनता थोडक्यात लिहिलेली असते. पाणी घातले की आकडा उतरतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. साय काढली की तो चढतो, कारण स्निग्धांश पाण्याहून हलका असतो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आधी साय काढून मग बेताने पाणी घातले, तर आकडा जागच्या जागी राहतो. म्हणूनच निव्वळ घनतेवर विसंबून चालत नाही आणि फॅटची तपासणी वेगळी करावी लागते.

धान्यात आणखी एक भानगड असते, ती दाण्यांमधल्या हवेची. पायली, शेर, मापटे, चिपटे ही सगळी आकारमानाची मापे. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भात यांचे वजन एक नसते. शिवाय माप शीग लावून दिले की काठाशी सपाट करून, यावरही मूठ-दोन मुठींचा फरक पडतो. १९५६च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि बाजारात धान्य किलोवर गेले. पण पायलीचे किलो किती, हा प्रश्न गावागणिक आणि धान्यागणिक वेगळा सोडवावा लागतो. त्यामुळे त्याचे एकच कोष्टक छापणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

स्वयंपाकघरात वाटीने सांगितलेली कृती वाटीनेच करावी आणि ग्रॅममध्ये सांगितलेली काट्यावरच करावी. तसे केले तर रूपांतराचा प्रश्नच येत नाही. उकडीच्या मोदकांना एक वाटी पिठीला एक वाटी पाणी हे नेहमीचे प्रमाण आहे. २०० मिलिलिटरच्या वाटीत तांदळाची पिठी साधारण १३० ग्रॅम मावते, म्हणजे २०० ग्रॅम पिठीला ३०० मिलिलिटरच्या आसपास पाणी हवे. समप्रमाण म्हणून दोन्ही २००-२०० ग्रॅम तोलून घेतले, तर उकड कोरडी होते आणि पारीला कळ्या पाडताना कडा चिरतात.