आडनावाचं स्पेलिंग

पुण्याला गेले की कुठल्या तरी लग्नात, हातात ताट असताना, हा प्रश्न येतोच. "तुम्ही तिकडे पेपर काढता म्हणे? मराठी का?" नाही हो, इंग्रजी. साप्ताहिक आहे, आयोवा राज्यातल्या एका लहान गावात. मग जरा शांतता, आणि खरा प्रश्न: "तिथले गोरे लोक तुमचा पेपर वाचतात?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वाचतात. पण आधी पान सहा उघडतात, आणि त्या पानावर माझं एकही वाक्य नसतं. मृत्युवार्ता घरचे लोक लिहून पाठवतात. मी फक्त नावं तपासते.

माझं आडनाव क्षीरसागर. बाबा १९७४ मध्ये इथल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दवाखान्यात सर्जन म्हणून आले. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेत यायचा देशवार कोटा उठला होता, खेड्यात जायला अमेरिकन डॉक्टर मिळत नव्हते, त्यामुळे आपल्याकडचे बरेच डॉक्टर तेव्हा नकाशातही न सापडणाऱ्या गावांत येऊन पडले. मी दहा वर्षांची होते. नव्या डॉक्टरांची बातमी गावच्या पेपरात फोटोसकट आली. मथळ्यात ‘किरसागर’, खाली मजकुरात ‘शिरसागर’. आईने ते कात्रण तरीही साताऱ्याला धाडलं, समासात शाईने दुरुस्ती करून.

तोच पेपर पुढे मी विकत घेतला. संपादक थकले होते, त्यांच्या मुलांना तो नको होता, आणि बाबांनी बँकेतल्या कुणाचं तरी अपेंडिक्स वेळेवर काढलं होतं. (हा शेवटचा भाग मी इथे कधी छापलेला नाही.)

काम काय असतं ते सांगते, कारण पुण्यात लोकांना संपादक म्हणजे अग्रलेख वाटतो. अग्रलेख मी मंगळवारी रात्री अकराला लिहिते, पान लावून झाल्यावर जागा उरली तर. बुधवारी छपाई, तीही दुसऱ्या गावात, कारण आमच्याकडे छापखाना उरलेला नाही. मग गठ्ठे पोस्टात. आठवडाभर शाळेच्या कुस्त्या, रस्त्याचं टेंडर, शेतजमिनीचे लिलाव. काउंटीच्या कारभाऱ्यांच्या सभेचं इतिवृत्त आणि कुठल्या बिलाला किती पैसे दिले याची यादी आयोवात कायद्याने वर्तमानपत्रात छापावी लागते. तो मजकूर रूक्ष असतो, पण त्याचे पैसे मिळतात आणि त्यावर आमचं बरंच चालतं. सभेची सूचना निदान २४ तास आधी लावायची, हाही नियम आहे. सभेला श्रोत्यांत बहुतेक वेळा मी एकटीच. एकदा चर्चेचा एक विषय सूचनेत नव्हता, मी हात वर करून तेवढंच विचारलं. विषय पुढच्या सभेवर गेला. मी काही फार मोठं केलं नाही, फक्त तिथे बसले होते. २००५ पासून या देशातली एक तृतीयांशाहून जास्त वृत्तपत्रं बंद पडली आहेत. तिथे आता ती खुर्चीही रिकामी.

आईला हे सगळं पसंत नव्हतं. तिचं म्हणणं, आपण पाहुणे, पाहुण्याने घरातली भांडणं चव्हाट्यावर मांडू नयेत. कॅन्सस राज्यात मॅरियन या गावी ११ ऑगस्ट २०२३ ला पोलिसांनी तिथल्या साप्ताहिकाच्या कचेरीवर आणि संपादकाच्या घरावर छापा घातला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची ९८ वर्षांची आई, जी पेपरची सहमालक होती, वारली. ती बातमी मी आईला सांगितली नाही. तिनेच शोधून काढली. "ते तर तिथलेच होते ना?" एवढंच म्हणाली.

खरी कसोटी घरातून आली. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडलेल्यांची नावं आम्ही दर आठवड्याला छापतो. त्यात एका आठवड्यात आपल्याकडचं नाव आलं. तासाभरात फोन. ते काका, बाबांचे मित्र, दिवाळीला आमच्याकडे येणारे. "बेटा, आपल्याच माणसाचं नाव छापणार?" मी छापलं. पुढच्या दिवाळीला ते आले नाहीत, नंतरच्याही नाही. मागे शाळेजवळ वेगाने गाडी चालवल्याबद्दल मला दंड झाला होता, तेव्हा माझंही नाव पेपरात छापलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. पण माझं नाव छापल्याने माझं काय बिघडणार होतं? त्यांच्या मुलाला नोकरी शोधायची होती. नियम बरोबर आहे असं अजून वाटतं. मात्र फोन ठेवल्यावर मी जेवले नाही, तेही खरं.

मांस कारखान्यांमुळे आयोवाच्या गावांत आता मेक्सिको, ग्वातेमालाहून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. मी स्पॅनिशमध्ये अर्धा स्तंभ सुरू केला: शाळेच्या सुट्ट्या, लसीकरण, पाणी कधी बंद. डोक्यात ‘दर्पण’ होता. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी पानावर मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी बसवलं होतं, मग मला अर्ध्या स्तंभाला कुणाची परवानगी हवी? पण फोन आले. ‘अमेरिकेत इंग्रजीच’ वगैरे. त्यातला सगळ्यात चिडलेला आवाज एका जर्मन आडनावाच्या शेतकऱ्याचा. मला हसू आलं, कारण आमच्या तळघरात १९१८ च्या फाइली आहेत. त्या वर्षी मे महिन्यात आयोवाच्या गव्हर्नर हार्डिंगने फर्मान काढलं: शाळेत, रेल्वेत, फोनवर, चर्चमध्येसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा नको. स्कॉट काउंटीत काही शेतकरी बायका फोनवर जर्मन बोलताना सापडल्या, त्यांना रेडक्रॉसला २२५ डॉलर भरावे लागले. आमच्या पेपरच्या त्या वेळच्या संपादकाने फर्मानाचं भरभरून स्वागत केलं होतं. माझ्याच खुर्चीतल्या माणसाने.

त्या शेतकऱ्याला बोलावून मी ती फाइल दाखवली. त्याने वाचली. "तेव्हा युद्ध होतं," म्हणाला, आणि वर्गणी बंद केली. मला वाटलं होतं त्याचं मन पालटेल. तसं काही झालं नाही. त्याला पुलित्झरची गोष्टही ऐकवायची राहिली: ज्याच्या नावाने पत्रकारितेचं सर्वांत मोठं पारितोषिक देतात, तो जोसेफ पुलित्झर हंगेरीतून आलेला, आणि त्याची सुरुवात सेंट लुईसच्या जर्मन पेपरात. आमच्याच राज्यातल्या स्टॉर्म लेक या गावच्या छोट्या पेपरला २०१७ मध्ये संपादकीयासाठी ते पारितोषिक मिळालं. पण ऐकवून उपयोग झाला नसता.

आता तो स्तंभ दर आठवड्याला येत नाही. भाषांतर करून देणाऱ्या शिक्षिका दुसऱ्या गावी गेल्या, आणि माझं स्पॅनिश बाजारहाटापुरतं.

मागच्या वसंतात शाळेच्या सॉफ्टबॉल संघाचा फोटो छापला. गुरुवारी एक बाई कात्रण घेऊन कचेरीत आल्या, आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण मला दारातच दिसलं होतं. त्यांच्या मुलीचं आडनाव ‘पेन्या’. त्यातल्या ‘एन’वरची लाट आमच्या छपाईत गळली होती, आणि ती गळली की त्या शब्दाचा अर्थ होतो दुःख. पन्नास वर्षं स्वतःचं आडनाव दुरुस्त करणाऱ्या बाईच्या हातून हे झालं. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हात हलवला. शाळेतही असंच लिहितात, म्हणाल्या. तक्रार नव्हती. त्यांना त्या अंकाच्या आणखी तीन प्रती हव्या होत्या, गावी पाठवायला.

मी प्रती दिल्या, आणि सोबत एक पेन.