लिनक्सवर वायफाय मरायचं, त्याची गोष्ट

पानं प्रेसला पाठवायला जावं आणि वायफाय मेलेलं असावं, असं वारंवार होऊ लागलं. नुसतं कनेक्शन तुटायचं नाही, आजूबाजूची सगळी नेटवर्कं यादीतून गायब व्हायची आणि लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असलेला माझा लॅपटॉप रीस्टार्ट केल्याशिवाय परत यायची नाहीत. मी सदाशिव पेठेत घरूनच पुस्तकांची अक्षरजुळणी करते, त्यामुळे हे थेट पोटावर येणारं दुखणं होतं.

त्याच वेळी फोनवर नेट छान चालायचं, म्हणजे राउटर निर्दोष. दुरुस्तीवाल्यानं सांगून टाकलं, "मॅडम, वायफाय कार्ड गेलंय, नाहीतर लिनक्स तरी काढा." मला ते पटेना. गेलेलं कार्ड रीस्टार्टनंतर तासन्‌तास धडधाकट चालेल कसं?

शोध घ्यायला नेट हवं, म्हणून फोन यूएसबी वायरनं जोडून टेदरिंग सुरू केलं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला दिलं. मग टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, सिस्टीमच्या नोंदी (लॉग) दाखवणारं 'जर्नलसीटीएल' चालवलं. या कमांडला 'के' आणि 'बी उणे एक' जोडलं, की रीस्टार्टच्या आधीच्या सत्रातले कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश वाचता येतात. तिथे सगळं लिहिलेलं होतं: कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रामनं कार्डाला हुकूम दिला, उत्तर आलं नाही, फर्मवेअर कोसळलं, ते पुन्हा उभं करायचा प्रयत्न झाला, तोही फसला. मी ओळींपुढच्या वेळा ताडून पाहिल्या. प्रत्येक वेळी मी प्रुफं वाचत बसलेली, नेटला हातही लावलेला नाही! कार्ड मरत होतं ते रिकामं असताना.

फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम. त्याची फाइल लिनक्स आपल्या फोल्डरमधून उचलून कार्डात भरतं. ड्रायव्हर कर्नलमध्ये राहतो. दोन्ही वेगळे, म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात. फर्मवेअरचं पॅकेज अपडेट केलं, फरक नाही. लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडून पाहिला, तेच.

उरला वीजबचतीचा मोड. वायफाय शांत असलं की तो कार्डाला डुलकी घ्यायला लावतो, आणि माझं कार्ड त्या डुलकीतून उठतच नव्हतं. 'आयडब्ल्यू' कमांडनं पॉवर सेव्ह बंद केलं आणि मुद्दाम लॅपटॉप नुसता उघडा ठेवून दिला. संध्याकाळीही नेटवर्कची यादी जागेवर! पण हा बदल रीस्टार्टनंतर टिकत नाही. म्हणून नेटवर्क मॅनेजर या नेटची जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरमध्ये छोटी फाइल करून, कनेक्शनच्या भागात 'वायफाय डॉट पॉवरसेव्ह'ची किंमत 2 लिहिली. 2 म्हणजे बंद, 3 म्हणजे चालू.

बॅटरी जरा लवकर उतरते, पण तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात यूएसबीला लावायचं वायफाय डोंगल शोधत फिरण्यापेक्षा ते कितीतरी बरं. कर्नलची आवृत्ती, कार्डाचं मॉडेल आणि लॉगमधल्या त्या ओळी जोडून मी बग नोंदवला आहे. दुरुस्ती आली की 2 चा पुन्हा 3 करून बघणार आहे.