मुद्दाम तसंच लिहिलंय

दिवाळी अंकाला दिलेल्या कथेची प्रूफं गेल्या वर्षी ऑगस्टअखेर व्हॉट्सॲपवर आली. फाइल उघडली आणि पहिल्याच पानावर कथेतली आजी शुद्ध बोलताना दिसली. ही आजी अकोल्याकडची, शाळेची पायरी न चढलेली. मी लिहिलं होतं, “पोरा, पानी दे.” प्रूफात ती म्हणत होती, “पोरा, पाणी दे.” आकाशवाणीवर बातम्या वाचत असल्यासारखी. सहाच्या सहा ठिकाणी ‘न’ला काट मारलेली, आणि समासात बारीक, गोल, अतिशय सुवाच्य अक्षरात नुसतं ‘ण’. इतकं सुवाच्य, की राग जास्तच यावा.

तडक संपादकांना फोन लावला. “अहो, ते मुद्दाम तसंच लिहिलंय!”

“बरं बरं. आमच्या मुद्रितशोधक काकांशीच बोलून घ्या ना, नंबर पाठवतो.”

दिवाळी अंकाच्या संपादकाकडे त्या दिवसांत याहून जास्त माया उरलेली नसते. जाहिराती यायच्या असतात, मुखपृष्ठवाला फोन उचलत नसतो, आणि माझ्यासारखे आणखी वीस-पंचवीस जण आपापला ‘न’ घेऊन रांगेत उभे असतात. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा सुरू केली, तेव्हाही कुणाचा तरी काना उडाला असणार आणि कुणीतरी फणफणत छापखान्यात गेलं असणार.

नंबर आला, पण मी लगेच फोन केला नाही. रागात बोलू नये, हे एक. दुसरं असं, की ‘मुद्दाम तसंच लिहिलंय’ हे आम्हा लिहिणाऱ्यांचं ब्रह्मास्त्र आहे आणि ते मी आजवर किती वेळा खोटंखोटं सोडलंय याचा हिशेब मला आहे. एका लेखात मी ‘महत्व’ लिहिलं होतं, एका ‘त’चं. पकडला गेल्यावर म्हणालो, भाषा सुटसुटीत व्हायला हवी. महत् अधिक त्व, म्हणून दोन ‘त’, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं. ‘तज्ज्ञ’मधला एक ‘ज’ असाच बरीच वर्षं खाल्ला. ‘कोट्याधीश’ तर इतक्या आत्मविश्वासाने लिहीत आलो की कोटी अधिक अधीश म्हणजे ‘कोट्यधीश’ हे कळल्यावर त्या माणसाची संपत्ती एका कान्याने कमी झाल्यासारखं वाटलं. या तिन्ही वेळा मी फोनवर ‘मुद्दाम’ म्हणालो होतो. समोरचा ‘हो का’ म्हणाला होता. हे ‘हो का’ फार वाईट असतं.

याउलट जिथे खरोखर मुद्दाम लिहिलेलं असतं, तिथे आपल्याकडे पुरावा काहीच नसतो. चूक आणि मुद्दाम केलेली चूक कागदावर अगदी सारख्या दिसतात. बिचाऱ्या मुद्रितशोधकाने ओळखायचं कसं?

त्याच्या हातात असतात ते नियम. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली सरकारने मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले, झाले १८. त्यांचा सर्वात मोठा फटका बसला तो न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना. वडिलांकडचे आजोबा मात्र शेवटपर्यंत ‘तुझें पत्र पोंचलें, घरांत सर्व क्षेम’ असंच लिहीत राहिले. त्यांचं पोस्टकार्ड तीळ भुरभुरल्यासारखं दिसे. वडिलांनी एकदा भीत भीत नियमांची आठवण करून दिली, तर म्हणाले, “सरकारला काय करायचंय माझ्या टिंबांशी?” त्यांचं खरोखर मुद्दाम होतं. मला त्यांचा हेवा वाटतो.

हे नियम आपण समजतो तितके खडूस नाहीत. वृत्त सांभाळताना ह्रस्व-दीर्घ पाळता येत नसेल तर कवीला तेवढ्यापुरतं स्वातंत्र्य द्यावं, असं त्यांत चक्क लिहिलेलं आहे. (कवींना याहून जास्त स्वातंत्र्य आपण आपलं आपण दिलं, ती गोष्ट वेगळी.) ‘असं केलं, मी म्हटलं’ ही बोलण्यातली रूपंही चालतात, फक्त ती बोलण्यातच हवीत, एरवी ‘असे केले, मी म्हटले’. त्या हिशेबाने हा लेख पहिल्या ओळीपासून नियमबाह्य चाललाय. माझा सर्वात आवडता नियम मात्र जुन्या साहित्याचा. केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मुळात असेल तसं छापायचं. खुद्द हे दोघे आणि त्यांच्यानंतरचे सगळे मात्र नव्या नियमांनुसार. म्हणजे विष्णुशास्त्री १८८२ साली गेले, आणि त्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी त्यांच्या टिंबांना कात्री लागली. गेलेल्या माणसाला फोन करून ‘मुद्दाम तसंच लिहिलंय’ म्हणता येत नाही.

ह्रस्व-दीर्घाने काय एवढं बिघडतं, असं विचारणाऱ्याला ‘शिक्षक दीन’ असा फलक दाखवावा. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. पगार थकलेल्या एखाद्या मास्तराने हेही मुद्दाम तसंच लिहिलंय म्हणून सांगितलं तर मी मान्य करीन. लग्नपत्रिकेत ‘शुभमीलन’ छापलेलं मी स्वतः पाहिलंय. मीलन म्हणजे मिटणं.

छपाईच्या शिशाच्या खिळ्यांचा जमाना होता तेव्हा निदान खापर फोडायला मुद्राराक्षस होता. उलटी अक्षरं बोटांनी चाचपून जुळवणाऱ्या कंपोझिटरचा हात शेजारच्या खणात गेला की ‘नवरा’चा ‘नवस’ व्हायचा आणि लेखक, संपादक, मुद्रितशोधक तिघंही हात वर करून त्या राक्षसाकडे बोट दाखवायचे. संस्कृत नाटकाचं नाव उचलून छपाईच्या चुकीला चिकटवणारा जो कोणी असेल त्याला साष्टांग नमस्कार. गाळलेला शब्द घुसवायच्या खुणेलाही आपल्याकडे किती छान नाव आहे, काकपद. ओळीवरून कावळा चालत गेला आणि जाताना शब्द ठेवून गेला. आता कावळा गेला. आता फाइल एका फाँटातून दुसऱ्या फाँटात जाते आणि सगळे रफार वाटेत सांडतात.

पण ‘ण’ आणि ‘न’ची भांडणं म्हटली तर घरगुतीच. मराठीत संपादकाच्या नावाने खरा जाळ झाला तो वेगळ्या कारणाने. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या ‘सत्यकथे’ची साभार परत आलेली कथासुद्धा लोक जपून ठेवत, इतका त्या मासिकाचा दरारा. आणि त्याच ‘सत्यकथे’चा अंक १९६९ मध्ये बंडखोर लेखक राजा ढाले आणि लघुनियतकालिकवाल्या, म्हणजे स्वतःची छोटी नियतकालिकं काढणाऱ्या मंडळींनी जाळला. आमचं लिहिणं चांगलं की वाईट, हे ठरवणारे तुम्ही कोण, हा तो प्रश्न. ढाल्यांचा राग मला कळतो. पण खरं सांगायचं तर कथा परत पाठवताना ती का परत पाठवली हे सांगायला आज कुणी दोन ओळीही लिहीत नाही, आणि मग जाळायचं म्हटलं तरी हाताशी काही नसतं.

मी स्वतःही एकदा त्या खुर्चीत बसलोय. आमच्या भागातल्या वाचनालयाच्या स्मरणिकेचं संपादन माझ्या गळ्यात पडलं. हातात लाल पेन आलं आणि मी मोकाट सुटलो. एका बाईंनी लहानपणच्या थंडीवर लेख दिला होता. त्यात ‘धुंधुरमास’ असा शब्द. मी तो खोडून ‘धनुर्मास’ केला. कोशात तसं आहे, व्युत्पत्ती तशी आहे, सूर्य धनु राशीत असतो, सगळं माझ्या बाजूने. अंक निघाल्यावर बाईंचं पत्र आलं. राग नव्हता, हेच अवघड. लिहिलं होतं, “आम्ही पहाटे उठून बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी खायचो ती धुंधुरमासात. धनुर्मास आमच्याकडे कधी आलाच नाही.”

ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. काकांना फोन करण्यापूर्वी मी ते पुन्हा वाचलं. म्हटलं, आज आपण बाईंच्या बाजूला आहोत. या खेपेला मुद्दाम म्हणजे खरोखर मुद्दाम.

“नमस्कार काका. ते ‘पानी’चं जरा बोलायचं होतं.”

“बोला ना.”

“मुद्दाम तसं लिहिलंय हो. आजी वऱ्हाडी बोलते.”

“वऱ्हाडी?” कागद चाळल्याचा आवाज आला. म्हणजे यांनी माझी कथा छापून घेतली होती. “पान एक, ओळ सात, ‘पानी दे’. बरं. ओळ नऊ, ‘कोण आलंय रे?’ आता ‘पानी’ म्हणणारी बाई ‘कोण’ कशी म्हणेल? पान चार, ‘माझा डोळा लवतोय’. ती ‘माहा डोया’ म्हणेल. पान सहावर तुम्हीच ‘डोया’ लिहिलंय. सहा ‘पानी’, एक ‘डोया’ आणि बाकी सगळी सदाशिव पेठ. मला वाटलं, टायपिंगच्या चुका.”

मी गप्प.

“चुकायचं तर सगळीकडे सारखं चुका. मग मी हात लावत नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “आजोळ कोनत्या गावचं तुमचं?”

त्या ‘कोनत्या’वर मी खुर्चीत सरळ झालो. काका मूर्तिजापूरचे निघाले. पुण्यात येऊन चाळीस वर्षं झालेली, आणि ती सगळी दुसऱ्यांचे ‘ण’ जागच्या जागी बसवण्यात गेलेली. माझं वऱ्हाड म्हणजे मे महिन्याच्या सुट्ट्या, त्याही दहावीपर्यंतच्या. त्यातून माझ्या कानात एक ‘पानी’ तेवढं शिल्लक राहिलं होतं आणि बाकीची आजी मी माझ्याच भाषेने भरून काढली होती. माझं ‘मुद्दाम’ एका शब्दापुरतंच होतं.

पुढचा तासभर काका फोनवर सांगत होते आणि मी लिहून घेत होतो. ‘काय करतोयस’ नाही, ‘काय करून राह्यला’. मधूनच ते स्वतःशी एखादं वाक्य मोठ्याने म्हणून बघत आणि हसत. ‘पानी’ सहाच्या सहा ठिकाणी परत आलं.

मी फोन ठेवणार तेवढ्यात ते म्हणाले, “आणि ते चंद्राचं बघा.”

“कुठल्या चंद्राचं?”

“पान नऊ. मी पेन्सिलीने लिहिलंय. फोटोत दिसलं नसेल.”

दिसलं नव्हतं. कथेत आजोबा चैत्री अमावास्येला जातात. मी ‘अमावास्या’ लिहिलं होतं. कुणी ‘अमावस्या’ केलंच तर भांडायच्या तयारीत होतो, वास्तविक दोन्ही रूपं चालतात. शेवटचा प्रसंग तेराव्याच्या रात्रीचा. पाहुणे गेलेत, अंगणात काळोख मिट्ट, आजी ओट्यावर बसलीय, नातवाला तिचा फक्त आवाज ऐकू येतो. समासात काकांनी लिहिलं होतं, ‘अमावास्येपासून तेरावा म्हणजे शुद्ध द्वादशी. लख्ख चांदणं असेल. ढग आणायचे का?’

वैशाखात अकोल्याला ढग कुठून आणणार?

“काका, तो अंधार मुद्दाम...”

“असू द्या की मुद्दाम. मग तिथी बदला.”

तिथी बदलता येईना. अमावास्येवर कथेचा अर्धा डोलारा उभा होता. दोन दिवस खटपट केली आणि शेवटी चांदणं पाडलं. चांदणं पडल्याबरोबर ओट्यावर बसलेली आजी दिसायला लागली, आणि माझी पंचाईत झाली. ती दिसू नये म्हणूनच मी अंधार केला होता, हे तेव्हा कुठे लक्षात आलं. तिचा चेहरा मला लिहिता येत नव्हता. अंधारात सगळं आवाजावर भागत होतं.

मग हात लिहिले. ओटीत ठेवलेले, बांगड्या उतरवलेले, मनगटावर जिथे बांगड्या असायच्या तिथली कातडी उजळ राहिलेली. मग पदर. मग, टाळता येईना म्हणून, चेहरा. चार ओळी. त्यांतली शेवटची, ‘तिच्या डोळ्यांत पाणी होतं.’ रात्री साडेअकराला काकांना पाठवल्या.

सकाळी उत्तर आलं. ‘हात चांगले झाले. डोळ्यांतला ळ आणि पाण्यातला ण तसाच ठेवतो, निवेदन तुमचं आहे. पण ते पाणी तिथे हवंच का, ते बघा.’

ओळ पुन्हा वाचली. काढून टाकली.