झालरीच्या शेंड्यावरचा पट्टा

शस्त्रक्रियेतून विकृतिशास्त्र विभागात येणाऱ्या प्रत्येक नमुन्यासोबत एक कागद येतो आणि बहुतेकदा त्यावर अवयवाचे नाव व रुग्णाचे वय यांपलीकडे काही नसते. या नमुन्याच्या कागदावर मात्र शल्यविशारदांनी स्वच्छ अक्षरात लिहिले होते: ‘वय ४१, बीआरसीए-१ जनुकात दोष, आई अंडाशयाच्या कर्करोगाने गेली, मावशीला स्तनाचा कर्करोग, सीए-१२५ व सोनोग्राफी नॉर्मल, जोखीम टाळण्यासाठी दोन्ही अंडाशये व अंडवाहिन्या काढल्या.’ बीआरसीए-१ मधला दोष स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाची जोखीम बरीच वाढवतो; सीए-१२५ हे अंडाशयाच्या कर्करोगात बहुधा वाढणारे रक्तातले प्रथिन. एवढा मजकूर नसता, तर निरोगी दिसणाऱ्या इतर अंडवाहिन्यांप्रमाणे यांचेही एक-दोन काप घेऊन काम आटोपले असते.

अशा नमुन्याची पद्धत वेगळी आणि वेळखाऊ आहे. तो आधी काही तास ऊती टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये मुरू द्यावा लागतो, कारण घाईने सुरी चालवली की वरचा पेशींचा नाजूक थर सुटून येतो आणि तपासायचा असतो तो नेमका तोच थर. मग अंडवाहिनीचे अंडाशयाकडचे टोक, म्हणजे तिची झालर, सुमारे २ सेंटिमीटरवर वेगळी करून तिचे उभे काप घ्यायचे, जेणेकरून प्रत्येक घडीचा जास्तीत जास्त पृष्ठभाग काचेवर येईल. उरलेल्या नळीचे २ ते ३ मिलिमीटरवर आडवे काप घ्यायचे. आणि काहीही मागे न ठेवता सगळ्याचे ब्लॉक, म्हणजे काप घेण्यासाठी मेणात बसवलेले तुकडे, करायचे. एवढ्या ब्लॉकांचा खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी ‘दिसायला ठीक आहे’ म्हणून मोजकेच काप घेणारे सहकारी मी पाहिले आहेत. जोखमीच्या रुग्णांबाबत ही काटकसर मला अक्षम्य वाटते.

उजव्या झालरीच्या एका घडीच्या शेंड्यावर पेशींची एक छोटी रांग शेजारच्या पेशींपेक्षा गडद दिसली. केंद्रके मोठी आणि एकमेकांवर चढलेली, सिलिया (पेशींवरचे सूक्ष्म केस) नाहीसे झालेले, पण पेशींच्या थराखालचा पडदा शाबूत. त्याच ब्लॉकचे आणखी काप घेऊन पी-५३ (जनुक बिघडले की पेशीत बहुधा साठणारे प्रथिन) आणि केआय-६७ (विभाजन होणाऱ्या पेशींतले प्रथिन) दाखवणारे रंग लावले. पी-५३ मध्ये त्या पट्ट्यातले जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी उतरले, आणि विभाजन वाढल्याचे केआय-६७ ने दाखवले. एक मिलिमीटरही न भरणारा तो पट्टा म्हणजे ‘स्टिक’, हाय-ग्रेड सीरस कर्करोगाची आक्रमणापूर्वीची पायरी. अंडाशयाच्या कर्करोगाचा हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार पुष्कळदा या झालरीतच सुरू होतो. दोन्ही अंडाशये स्वच्छ होती.

इतका लहान पट्टा सोनोग्राफीत दिसत नाही आणि त्याच्यामुळे रक्तातले सीए-१२५ वाढावे, अशीही अपेक्षा ठेवता येत नाही. हा आकडा एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, पोटाचा क्षयरोग, इतकेच काय, मासिक पाळीमुळेही ३५ या नेहमीच्या मर्यादेच्या वर जाऊ शकतो. उलट पहिल्या टप्प्यातल्या सुमारे निम्म्या कर्करोगांत तो वाढतच नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे दीर्घकालीन निष्कर्ष २०२१ साली आले: दरवर्षी सीए-१२५ तपासलेल्या गटात पहिल्या टप्प्यातले रोग अधिक सापडले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. ज्या स्त्रीचे पोट आठवडेच्या आठवडे फुगलेले राहते आणि दोन घासांत भरते, तिची ही तपासणी जरूर करावी. कोणतीही तक्रार वा जोखीम नसलेल्या स्त्रियांच्या तपासणी-पॅकेजमध्ये मात्र ती सर्रास घातली जाते, आणि वाढलेल्या आकड्याच्या धास्तीने काढलेली निरोगी अंडाशये आमच्या टेबलावर येतात. त्यांचा अहवाल लिहिताना मला संताप येतो.

निदान पक्के झाल्यावर मी शल्यविशारदांना फोन केला. शस्त्रक्रियेच्या वेळी पोट धुऊन घेतलेल्या द्रवात कर्करोगाच्या पेशी नव्हत्या, ही समाधानाची गोष्ट होती. मग ते म्हणाले, “हिची थोरली बहीण आहे. जनुकीय तपासणी करून घ्या म्हटलं तर ऐकत नाही. दरवर्षी सीए-१२५ करते, नॉर्मल येतं, म्हणते मला काही नाही.” सख्ख्या बहिणीत तोच दोष असण्याची शक्यता निम्मी असते. अहवालाच्या शेवटी जवळच्या नातेवाइकांना जनुकीय समुपदेशन द्यावे, अशी शिफारस मी ठळक अक्षरांत लिहिली आहे; ती तिच्यापर्यंत पोहोचली का, हे विचारायला त्यांना पुन्हा फोन करणार आहे.