नववीची मुलं आणि ती पाच नावं

आमच्या शाळेचं गॅदरिंग डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असतं. नंदुरबारच्या पथारींवर तेव्हा लाल मिरची पसरलेली असते आणि वारा शाळेच्या बाजूला वळला, की तालमीला उभी राहिलेली मुलं आधी शिंकतात, मग नाचतात. माझी दोन्ही मुलं बालवाडीपासून याच शाळेत आहेत आणि पालक संघाच्या कामात मी तेव्हापासून आहे. मुलं मोठी होताना मी घरात पाहिली तेवढीच या स्टेजवरही पाहिली.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, अहवालवाचन, बक्षीस समारंभ हे सगळं रीतसर होतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पाहुणे चांगलं बोलतात आणि पुढचा कार्यक्रम आहे म्हणून लवकर निघतात.

मग छोट्यांचे नाच सुरू होतात. माझी लेक पहिलीत असताना फुलपाखरू झाली होती. घोटीव कागदाचे पंख, कपाळावर चंदेरी टिकल्या. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा तिने नाच थांबवून गर्दीत मला शोधलं, हात हलवला आणि मगच पुढे नाचली. त्याच मुलीने गेल्या वर्षी सूत्रसंचालन केलं. साडी माझी, निऱ्या तिने स्वतः घातलेल्या, हातात कार्डं, आवाज ठाम. मधल्या तीन तासांत तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "कितली मोठी व्हई गई वं माय पोर!" मला उत्तर देता आलं नाही. घसा दाटला होता.

पाचवी-सहावीपर्यंत मुलं आपली असतात. तीट लावून घेतात, पावडर लावून घेतात, कडेवरून उतरवलं तरी पदर धरून ठेवतात. सातवीत काहीतरी बदलतं. मुलगे स्टेजच्या मागे आईला येऊ देत नाहीत. "आई, तू पुढच्या रांगेत बसू नको," असं माझ्या मुलाने आठवीत असताना सांगितलं, तेव्हा मी मधल्या रांगेत बसले आणि तिथूनच डोळे भरून पाहिलं. त्या वर्षी त्याच्या वर्गातले मुलगे आदिवासी होळी नृत्यात होते. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर राखेचे पट्टे, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू. नाच शिकवायला धडगावकडच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी सुट्टी काढली होती. त्यांनी स्वतःच्या घरचा ढोल आणला. तो ढोल वाजला तेव्हा पत्र्याचा मांडव थरथरत होता.

पण माझा जीव अडकतो तो शेवटच्या कार्यक्रमात. नववीची मुलं दरवर्षी शिरीषकुमारचा प्रसंग करतात. मुंबईत 'भारत छोडो'चा ठराव झाल्याला एक महिना झालेला, ९ सप्टेंबर १९४२ ची आपल्या गावातली मिरवणूक, पुढे तिरंगा, समोर पोलीस. गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा ही पाच मुलं गेली. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. २८ डिसेंबर हा त्याचा जन्मदिवस, म्हणजे सोळा पूर्ण व्हायलाही साडेतीन महिने बाकी होते.

माणिक चौकातल्या स्मारकावरून आम्ही भाजीची पिशवी घेऊन रोज जातो. तिथे मला कधी रडू आलं नाही. इथे येतं, कारण झेंडा धरणारा मुलगा त्याच वयाचा असतो. मिसरूड नुकतं फुटलेलं, मनगटं बाहीतून बाहेर आलेली, आवाज मधेच चिरकणारा. मोठ्या नटाने हे काम केलं तर ते नाटक वाटेल. नववीतला मुलगा करतो तेव्हा कळतं की गोळी केवढ्याशा छातीला लागली होती.

दोन वर्षांपूर्वी झेंडा माझ्या मुलाच्या हातात होता. घरी त्याने संवाद एकदाही म्हणून दाखवले नाहीत. गच्चीवर दार लावून पाठ करायचा. स्टेजवर त्याचा आवाज पहिल्याच वाक्याला फाटला, पण तो थांबला नाही. मुली मिरवणुकीत त्याच्या मागे होत्या, त्यांच्यावर बंदूक रोखली गेली तेव्हा तो पुढे सरकला, आणि माझ्या शेजारच्या बाईने माझा हात घट्ट धरला. मग वर्गशिक्षिका बाई स्टेजवर येतात, हजेरीचं पुस्तक उघडतात आणि ती पाच नावं एकेक करून घेतात. प्रत्येक नावाला अख्खा नववीचा वर्ग एका सुरात "हजर" म्हणतो. आमच्या गॅदरिंगमध्ये यापेक्षा मोठं काही घडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणूनच मला त्या रिकाम्या खुर्च्यांचा राग येतो. आपल्या मुलीचा नाच झाला की लोक उठतात, थंडीचं निमित्त सांगतात, गाडी काढतात. साडेनऊला निम्मा मांडव मोकळा. उलट दिवसभर पथारीवर मिरची खुडून थेट आलेल्या बाया, हातांची आग होत असतानाही, शेवटपर्यंत मागे उभ्या असतात. रात्रपाळीची वीज म्हणून गव्हाला पाणी द्यायला जावं लागतं त्या शेतकरी बापांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गावातच राहणाऱ्यांनी वीस मिनिटं बसावं.

आणि ज्यांच्यावाचून हे होत नाही त्यांची आठवण राहून जायला नको. पहाटेपासून मैदानावर पाणी मारणारे आमचे शिपाईमामा. पंख, मुकुट आणि लाकडी बंदुका बनवणाऱ्या चित्रकलेच्या मॅडम. एका रात्रीत पांढऱ्या सदऱ्यांच्या बाह्या लांब करून देणारे शिंपीकाका, कारण तालीम सुरू झाल्यापासून कार्यक्रमापर्यंतही मुलं उंच होतात. पैसे न घेता नऊवारी देणाऱ्या गल्लीतल्या आजी. माइकवाले आप्पा. दुसऱ्या दिवशी भरीत-पुरीसाठी पऱ्हाट्यांवर वांगी भाजणारे पालक, आणि ती ठेचायला, हिरवी मिरची-लसूण कुटायला बसलेल्या पोषण आहाराच्या ताई. मुलींना रात्री घरापर्यंत सोडणारे रिक्षावाले दादा. आभारप्रदर्शनात दरवर्षी सुटणारे जनरेटरवाले भाऊ, ज्यांच्यामुळे वीज गेली तरी झेंड्यावरचा दिवा गेला नाही. आणि दहावीची मुलं, ज्यांना अभ्यासामुळे भाग घेता येत नाही, पण जी रात्री उशिरापर्यंत खुर्च्या रचतात. माझा मुलगा गेल्या वर्षी त्यांच्यात होता.

यंदा लेक नववीत आहे. मिरवणुकीत तिने पुढचीच जागा मागून घेतली आहे. पालक सभेत मी हा प्रसंग बक्षीस समारंभाच्या लगेच नंतर घ्यावा असं मांडलं, थोडी वादावादी झाली, पण शेवटी सगळ्यांनी मान्य केलं. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांनाही तोवर थांबायची विनंती करायचं कबूल केलंय. सदरे शिंपीकाकांकडे गेले आहेत आणि तालीम रोज चारला सुरू होते.