चाकांवरची धक्काबुक्की आणि तिचा पगार

सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन गेट पार्कच्या टोकाला केझर पॅव्हिलियन नावाचं जुनं इनडोअर स्टेडियम आहे. बाहेरून अगदीच साधं. पण साठच्या दशकात इथे 'बे बॉम्बर्स' या संघाचे रोलर डर्बीचे, म्हणजे चाकांच्या बुटांवर गोल ट्रॅकभोवती धक्काबुक्की करत खेळायच्या खेळाचे, सामने टीव्हीसाठी चित्रित व्हायचे. आमच्या शेजारच्या सत्तरीच्या बाई अजूनही तो विषय निघाला की हातातलं काम सोडून बोलायला बसतात. त्यांच्याच नादाने मी हा इतिहास चाळायला लागले.

सुरुवात मंदीतली. १३ ऑगस्ट १९३५ ला शिकागोत लिओ सेल्ट्झर नावाच्या आयोजकाने स्केटिंगची मॅरेथॉन भरवली. एक पुरुष, एक बाई अशा जोड्यांनी आळीपाळीने फेऱ्या मारायच्या आणि अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर एकाच हॉलमध्ये कापायचं. पुढे क्रीडापत्रकार डेमन रनियन यांनी पाहिलं, की लोक खरे खूश होतात ते स्केटर्स एकमेकांवर आदळतात तेव्हा. मग त्यांच्या सल्ल्याने नियमच बदलले. प्रतिस्पर्ध्याला मागे टाकलं की गुण, आणि त्याला अडवायला धक्का मारायची मुभा. पुरुष आणि बायका आलटून पालटून ट्रॅकवर उतरत, नियम दोघांना तेच, गुणांची बेरीजही एकच. १९३५ च्या सुमारास असा दुसरा खेळ मला तरी आठवत नाही.

सगळं मजेचं नव्हतं. मार्च १९३७ मध्ये इलिनॉय राज्यात सेलमजवळ स्केटर्सच्या बसला भीषण अपघात झाला, वीसच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर १ नंबरची जर्सी कुणालाच दिली गेली नाही.

१९४८ मध्ये न्यूयॉर्कहून टीव्हीवर प्रक्षेपण सुरू झालं आणि मिज 'टफी' ब्रॅसुन ही स्केटर घराघरांत पोचली. उंची पाच फूटसुद्धा नाही, पण अंगावर येणाऱ्याला आडवं करणारी! पुढे सेल्ट्झरच्या मुलाने, जेरीने, धंदा कॅलिफोर्नियात आणला. सामन्यांच्या टेप गावोगावच्या स्टेशनांना पाठवायच्या आणि मग त्याच गावांत संघ घेऊन जायचं, असं त्याचं साधं गणित. जोन वेस्टन, उंच आणि सोनेरी केसांची, ही बॉम्बर्सची नायिका. अ‍ॅन कॅल्व्हेलो ही खलनायिका. रंगीबेरंगी केस, कितीदा तरी फुटलेलं नाक. शेजारच्या बाई कॅल्व्हेलोच्या बाजूच्या. "वेस्टन सगळ्यांनाच आवडायची, त्यात काय!" म्हणतात.

नुरा कुस्ती होती का? थोडी होतीच. भांडणं रंगवलेली असत. पण हाडं खरी मोडत आणि पगारही खरा मिळे. १९७२ मध्ये शिकागोच्या कोमिस्की पार्कवर एका सामन्याला पन्नास हजारांवर प्रेक्षक होते, आणि पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, कंपनीला टाळं लागलं. वाढता खर्च होताच, त्यात तेलटंचाई. गावोगाव फिरण्यावर चालणारा धंदा तिथेच अडला.

आजचा डर्बी हा २००१ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनमध्ये बायकांनी नव्याने उभा केलेला. उतरता लाकडी ट्रॅक गेला; आता सपाट जमिनीवर दोर पसरून वर चिकटपट्टी मारतात, म्हणजे रेषा चाकाला जाणवते. हेल्मेटवर चांदणीवालं कव्हर चढवलेली जॅमर, म्हणजे गुण मिळवणारी खेळाडू, गर्दीतून वाट काढते, चार जणी तिला अडवतात, दोन मिनिटांत डाव संपतो. रंगवलेलं काही नाही. उलट रेफ्रीच इतके, की मला आधी तोही एक संघच वाटला.

आणि पगार? तो नाही. खेळाडू महिन्याची वर्गणी भरतात, हॉल भाड्याने घेतात, सामना संपल्यावर चिकटपट्टी स्वतःच उपटतात. नाटक होतं तेव्हा पोट भरत होतं, हे मला फारच खटकतं. शेजारच्या बाईंना सांगितलं, तर त्यांना पटेचना. "मग दुखापतीचं बिल कोण भरतं?" हाच त्यांचा पहिला प्रश्न.